तो संघर्ष मनातला नव्हता

"हिका कोणें सांगलें ताट धरपाक?"

शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष असं म्हणाले तेव्हा मी सरस्वतीच्या मूर्तीपासून दोन हातांवर होते. हातात नैवेद्याचं ताट. समोर सगळी शाळा मांडी घालून बसलेली. मुख्याध्यापक लगबगीने आले आणि त्यांनी ताट काढून घेतलं. बोट बोटाला लागू नये म्हणून कड चिमटीत धरून. दुसऱ्या बाईंच्या हातून दुसरं ताट आलं. आरती सुरू झाली.

पूजेची सगळी तयारी माझी होती. खरेदी, पताका, मुलांच्या रांगा. आदल्या दिवशी सभागृह मीच धुऊन घेतलं. ते चाललं. फुलांची टोपली माझ्या वडिलांसारख्याच कुणीतरी विणलेली. तीही चालली.

मी पेडण्याकडची, महाराची मुलगी; वडील बांबूच्या टोपल्या विणायचे. डिचोली तालुक्यातल्या त्या शाळेत मराठी शिकवत होते, नोकरी अजून कायम झाली नव्हती. रुजू झाले त्याच दिवशी अध्यक्षांनी विचारलं होतं, "पेडण्यात खंयच्या वाड्यावरची?" मी सांगितलं. लपवायचं काय त्यात?

गोवा घटक राज्य झालं ते वर्ष. शिक्षकांच्या खोलीत कोकणी-मराठीवरून दोन गट. एकमेकांचा चहासुद्धा घेत नव्हते. दोन्ही गटांना मी आपल्या बाजूला हवी होते. त्या दिवशी पूजेनंतर मात्र सगळे एकत्र बसून शिरा खात होते, आणि मी आत गेल्यावर बोलणं थांबलं. एवढी एकी मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाहिली.

मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही जरा हळव्या. तसं काही नसतं कोणाच्या मनात."

भाड्याच्या खोलीवर आले. बोलायला कोणी नाही. सुट्टी लागली की म्हापशाला बस बदलून घरी जायचे, त्या दिवाळीच्या सुट्टीत गेले नाही. आई म्हणाली असती, नोकरी सांभाळ. खिडकीशी बसून राहिले. लहानपणापासून हेच ऐकत आले होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या अंगणात आम्हांला चहा करवंटीत मिळायचा. मनाला लावून घेऊ नको. म्हणजे त्यांनी काही केलंच नाही. फक्त मला लागलं.

सुट्टीनंतर नववीचा तास. कथेतला संघर्ष ओळखणे. फळ्यावर दोन रकाने आखले, आंतरिक आणि बाह्य.

"पात्र स्वतःशीच झगडतं तो आंतरिक. बाहेरचं कोणी त्याला अडवतं तो बाह्य. उदाहरणं द्या."

नदीचा पूर आला. सावत्र आई आली. मग मागच्या बाकावरून आमोणे गावची एक मुलगी उठली. "टीचर, पूजेच्या दिसा तुमच्या हातातलं ताट काढून घेतलं. तो खंयचा?"

अध्यक्षांचा पुतण्या पुढच्या बाकावर होता. तो बसूनच म्हणाला, "तो आंतरिक. टीचराच्या मनाक लागलें न्ही?"

मुलं हसली.

माझा खडू 'आंतरिक'पाशीच होता. तिथे लिहिलं असतं तर तास सुखाने संपला असता, नोकरीही कायम झाली असती. मी सरकले. 'बाह्य'खाली लिहिलं: अध्यक्षांनी शिक्षिकेच्या हातातलं ताट काढायला लावलं. कारण, जात.

"आणि आंतरिक, टीचर?" ती मुलगी अजून उभीच.

"हे तुम्हांला सांगावं की गप्प बसावं, एवढाच. तो आत्ता संपला."

मुख्याध्यापक दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. "बाई, फळा पुसा."

"मुलांचं उतरवून होऊ दे, सर."

"नोकरीचा विचार करा."

"केला."

ते गेले. मुलं लिहीत राहिली. पुतण्याने वही मिटून ठेवली.

नोकरी कायम झाली नाही. मग दुसरी शाळा, तिसरी शाळा. कहाणी माझ्या आधी तिथे पोचलेली असायची. डबा एकटीने खाल्ला, आजही एकटीच खाते.

पण हा धडा मी दरवर्षी शिकवते. 'पात्राला वाईट वाटले' एवढ्या उत्तराला मी गुण देत नाही. वाईट वाटायला कोणी लावलं, ते लिहा. त्याचं नाव लिहा. नाव नसेल तर उत्तर अपुरं.