मेंढ्याने सांगितलेलं नाव

भूतबित मी मानत नाही. आधीच सांगतो, कारण कमेंटमध्ये 'लिंबू-मिरची बांधा' म्हणणारे येतीलच. त्यांनी कृपया गप्प बसावं, माझं डोकं आधीच तापलंय.

ऐरोलीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी डबिंग करून घेतो. मागे जुनी परदेशी कार्टून्स मराठीत करायचं काम आलं – पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी लावायचे ती, सात-सात मिनिटांची. एकात काडीसारख्या पायांचा, एवढासा मेंढा होता. आमच्या साहेबांना त्याला चिरका आवाज हवा होता. "बारका प्राणी, बारका आवाज. सिंपल!"

पण मी माइकसमोर उभे केले बापू माने. साताऱ्याकडचे, मार्केटात तीस वर्षं हमाली केलेले. खर्जातला दणदणीत आवाज!

"अंगानं काडी आन् आवाज पाटलाचा, तवाच हसू येतंय," बापू म्हणाले. रेकॉर्डिस्ट हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

आमच्याकडे प्रत्येक टेकआधी कलाकाराने स्वतःचं नाव आणि तुकड्याचा नंबर बोलायचा असतो. नंतर ते आम्ही कापून टाकतो. बापू छाती काढून म्हणायचे, "बापू माने, लूप सोळा!" त्यांना एकच हवं होतं – शेवटी पडद्यावर नाव. "मंडळीला दावायचंय," म्हणायचे.

काम संपलं आणि पंधरवड्यात बापू हार्ट अटॅकने गेले. साहेबांनी मेंढ्यापुढे स्वतःच्या भाच्याचं नाव टाकायला लावलं. "माणूसच राहिला नाही, आता नाव कोणाला पाहिजे?" आणि मी नालायकाने ते टाइप केलं.

बापूंच्या पत्नी, सुनंदाकाकू, भर दुपारी तळवलीहून कार्टून बघायला आल्या. मी लावलं... आणि मेंढ्याच्या प्रत्येक वाक्याआधी त्याचं मिटलेलं तोंड हलायला लागलं. आवाज नाही, नुसते ओठ. मला वाटलं, फाइल बिघडली.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "आवं, नाव सांगत्यात की ते! आरशाम्होरं रोज असंच म्हनायचे."

बा, पू, मा... ओठ बरोबर तीनदा मिटत होते.

मग शेवटची नावं आली. काकूंना वाचता येतं. त्यांनी भाच्याचं नाव वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

मूळ प्रत तपासली – तिथे तोंड मिटलेलंच. चित्राला आमच्यापैकी कोणी हात लावलेला नाही. तीनदा नवी फाइल काढली, तिन्ही वेळा तेच. साहेबांना दाखवलं, तर म्हणतात, "अरे, भारी दिसतंय, राहू दे!" आणि नाव? "आता नवीन भानगड नको." असा संताप आला होता, की कीबोर्ड त्यांच्या टाळक्यात घालावा! पण मी "ओके सर" म्हणालो आणि फाइल पाठवली. भाच्याच्याच नावाने.

मेंढ्याचं तोंड कसं उघडलं, ते मला आजही सांगता येत नाही. माझं का उघडलं नाही, तेही नाही.