आईची चावायची दाढ

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर डोकं फुटेल माझं. लांब झालं तरी वाचा प्लीज.

माझी आई मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर कामाला जाते, देठं खुडायला. उजवीकडच्या तिच्या दाढा कधीच गेल्या. डावीकडे चावण्याजोगी एकच राहिलेली आणि तीच ठणकायला लागली. आमच्या कोरीटला दातांचं शिबिर आलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, ही वाचेल. मंगळवारी सरकारी दवाखान्यात या, सिमेंट भरून देते. फुकट." आई काय खूश!

मंगळवारी मीच तिला बजावलं, काही खायचं नाही, चहापण नाही. कारण मागे रक्त तपासायला चहा पिऊन गेलेलो तर परत पाठवलं होतं. आमच्याकडे सगळेच असं करतात, सरकारी दवाखाना म्हटलं की उपाशी.

केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत बारा वाजले. डॉक्टरबाईंनी सुई हातात घेतली आणि विचारलं, "काय खाऊन आलात?"

आई एकदम ऐटीत, "काहीच नही! पाणी भी नही."

"अहो मावशी, उपाशीपोटी हे बधिर करायचं इंजेक्शन देत नाहीत, चक्कर येईल. जा, पटकन खाऊन या."

आम्ही गेटबाहेर पळालो. पण ठणकत्या दाढेनं पटकन कसं खाणार? मी चहात बिस्किटं बुडवून बुडवून देतेय आणि आई म्हणतेय, "अय पोरी, कोंबडीले दाना टाकी ऱ्हायनी का? हळू!" हसलो पण आम्ही. परत आलो तर खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, "टाइम संपला. आता पुढच्या मंगळवारी."

पुढच्या मंगळवारी सुट्टी. त्याच्या पुढच्या मंगळवारी डॉक्टरबाई शिबिराला, वर तोरणमाळला. चौथ्या मंगळवारी भेटल्या, तोंडात बघितलं आणि म्हणाल्या, कीड मुळात गेलीय, मूळ वाचवायची सोय इथे नाही, धुळ्याला चार-पाच फेऱ्या माराव्या लागतील. नाहीतर काढते.

चार-पाच दिवस पथारी सोडली तर आईच्या जागी दुसरी बसते, मग आईला परत कोण घेणार? आईने माझ्याकडे बघितलंच नाही. "काढी टाका बाई."

काढली.

कवळीचं विचारलं तर केसपेपरच्या खिडकीतले म्हणाले, नाव लिहून ठेवतो, आली की कळवू. फोन नंबर काही घेतला नाही.

आता ती भाकरी डाळीत कुस्करून नुसती गिळते. काल मी रडत सॉरी म्हणाले तर म्हणते, "तुन्ही काय चूक शे? जेव आते."

खरं सांगा, तुमच्या घरी कुणाचं झालंय का असं?