बॅटरीवाल्या काकांचा शर्ट

विंचूरच्या पुढे, द्राक्षबागेतल्या एका रिसॉर्टवर मी रिसेप्शनला होतो. पाहुण्यांना खोलीपर्यंत सोडायला तिथे चार गोल्फ कार्ट होत्या. त्यांच्या बॅटऱ्या सांभाळणाऱ्या माणसाला सगळे काकाच म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या प्रत्येक शर्टाला पोटापाशी बारीक भोकं असत. मला वाटायचं, विडीची असतील.

गाडी पूर्ण चार्ज झाली की काका सीट उचलायचे, बॅटरीचं एकेक झाकण उघडून आत वाकून बघायचे आणि मापात डिस्टिल्ड वॉटर घालायचे. त्याआधी कुणी कितीही घाई केली तरी ऐकायचे नाहीत.

एकदा ते रजेवर होते. शहाणपणा करून मीच बॅटऱ्यांत काठोकाठ पाणी भरलं आणि मग चार्जिंगला लावलं. सकाळी बघतो तर सगळं वर येऊन सांडलेलं. मी फडक्याने लख्ख पुसून टाकलं.

काका आल्यावर म्हणाले, "पाणी चार्जिंगनंतर घालायचं, साहेब. आधी भरलं का उतू जातं. त्याच्यासंगं ॲसिडबी जातं."

"पुसलं की मी! काही झालेलं दिसतंय का?"

त्यांनी स्वतःचा शर्ट चिमटीत धरला. "सांडतं त्या दिवशी शर्टालाबी काय होत नाय. भोक धुतल्यावर पडतं."

रविवारी दोरीवरून माझा युनिफॉर्मचा शर्ट काढला, तर पोटापाशी पाच भोकं.

सोमवारी तोच घालून शेडमध्ये गेलो. काकांनी भोकांकडे पाहिलं, पण हसले नाहीत. चार्जिंग संपलेल्या गाडीचं सीट उचललं आणि पाण्याचा कॅन माझ्या हातात दिला.