लग्नापर्यंतची केमो

पोटातली गाठ परत आल्याचं कळलं, तेव्हा मुलीचा साखरपुडा नुकताच झाला होता, लग्न वैशाखात होतं. पहिल्या खेपेला अंडाशय काढले, केमो घेतली आणि मी बरी झाले, असं आम्ही नातेवाइकांना सांगितलं होतं. मुलाकडच्यांना तर तेवढंही सांगितलं नव्हतं. पालघरच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, "आता पूर्ण बरं व्हायची आशा नाही. केमोने काही महिने वाढतील, पण त्रास होईल. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

तुम्ही म्हणजे मी, असं मला वाटलं. इतकी वर्षं संसार करूनही मी भाबडीच.

रविवारी बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत घरचे जमले. नवरा, मुलगी आणि उमरोळीहून आलेले धाकटे दीर-जाऊ. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. जिच्या मरणाची चर्चा, तिनेच चहा टाकायचा. जाऊ म्हणाली, "केमो नकोच. केस गेले की मुलाकडच्यांना कळणार. मंडपात नवरीची आई टकली उभी करणार का?" नवऱ्याने मान डोलावली. कारखान्यात साहेब बोलले की तो अशीच डोलावतो. मुलगी मोबाइलमध्ये घागऱ्यांचे फोटो बघत होती, तिने वरही पाहिलं नाही. मला तिचा इतका राग आला की चहा उतू गेला तरी मी गॅस बंद केला नाही.

मला केमो हवी होती. त्या उलट्या, तोंडातले फोड, सगळं आठवत असूनही हवी होती. मला अजून जगायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं.

चहाचा घोट घेता घेता दीर म्हणाला, "आणि वहिनी लग्नाआधीच गेली तर?"

आमच्याकडे आई गेली की वर्षभर घरात मंगलकार्य होत नाही. कोळगावला सरकारी कचेरीत नोकरी असलेला मुलगा, त्याच्या घरचे वर्षभर कशाला थांबतील? जावेने कप खाली ठेवला आणि चक्क केमोची बाजू घेतली. "ताई, विग मिळतात हो हल्ली. खऱ्या केसांहून छान!" आता मुलीनेही वर पाहिलं. "आई, घे ना गं केमो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासणारी बाई म्हणाली, "बाय, ती जांभळी साडी तुमी आता नेसनार नाय ना? मना द्याल?" मला हसू आलं. निदान हिने मला काहीतरी विचारलं तरी. साडी मात्र मी दिली नाही.

डॉक्टरीणबाईंना मी "घ्यायची" म्हणाले. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "वैशाखापर्यंत निघेल ना?" त्याने विचारलं, गॅरेजवाल्याला जुन्या गाडीबद्दल विचारावं तसं. डॉक्टरीणबाई माझे रिपोर्ट चाळू लागल्या.

मग मीच विचारलं, "गुण आला तर लग्नानंतरही चालू ठेवता येईल ना?"

"येईल की," म्हणत बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो जावेला मोबाइलवर कळवत होता. मान वर न करताच म्हणाला, "ते लग्न होऊन गेल्यावर बघू."