करंगळीचं शेवटचं पेर

माझ्या डाव्या करंगळीचा बळी एका चादरीने घेतला. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत गावाहून पाहुणे यायचे होते, म्हणून मी खाटेवरच्या कापसाच्या गादीखाली चादर घट्ट खोचत होते. टक् असा बारीक आवाज झाला. फारसं दुखलं नाही, पण हात बाहेर काढला तर करंगळीचं शेवटचं पेर खाली लोंबत होतं. दुसऱ्या हाताने सरळ केलं की सरळ व्हायचं, सोडलं की पुन्हा मान टाकायचं.

सासूबाईंनी लांबूनच पाहिलं. "रगत नाय, हाड मोडूक नाय. मगे दुखणा कसला?" म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

घरात तोच निकाल कायम झाला. त्याच महिन्यात दिराचा पाय मुरगळला होता, तर शेजारपाजारचे मोसंबी घेऊन भेटायला आले. माझ्याकडे कोण येणार? करंगळीचं एक पेर, त्याचं मेलं काय कौतुक! पण मी टायपिस्ट होते. इंग्रजी टाइपरायटरवर 'ए' हे अक्षर डाव्या करंगळीच्या वाट्याला येतं, आणि 'ए'शिवाय इंग्रजीची एक ओळ पुढे सरकत नाही. घाटकोपरच्या ऑफिसात मी हंगामी होते. तीन महिन्यांनी टायपिंगची परीक्षा होती. पास झाले तर कायम, नाही तर हातात नारळ.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने तेवढं मला गंभीरपणे घेतलं. "पेर वर उचलणारी दोरी तुटलीय," तो म्हणाला. आतून स्पंज लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी बोटाला चिकटवून दिली. सहा आठवडे बोट सरळ ठेवायचं. दर तीन दिवसांनी पट्टी काढून कातडी कोरडी करायची, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी टोक खालून धरायचं. "एकदा जरी वाकलं, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून."

धरणारं माणूस म्हणजे नवरा. चौतिसाव्या दिवशी रविवार होता आणि टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. मी म्हटलं, "मॅच संपू दे, मग करू."

"अगं, दोन मिनिटांचं तर काम. आण इकडे."

त्यांनी टोक धरलं, मी पट्टी काढली, बोट पुसायला घेतलं. तेवढ्यात विकेट पडली. "गेला!" असं ओरडून त्यांनी टाळी वाजवली. टाळीला दोन्ही हात लागतात.

पेर खाली पडलं.

"एवढं काय गं, एक सेकंद तर सुटलं," ते म्हणाले. चौतीस दिवस मी हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून आंघोळ केली होती, एका हाताने कणीक मळली होती, भांडी घासली होती. घरातल्या एकाही माणसाने माझ्या हातातलं एक पातेलं काढून घेतलं नव्हतं. मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. मग रडले, तेही रागानेच.

सासूबाई आतून आल्या. त्यांनी टीव्ही बंद केला. मुलाला म्हणाल्या, "ऊठ थयसून." त्याच्या जागी बसल्या, माझं पेर उचलून धरलं आणि म्हणाल्या, "लाव पट्टी."

पट्टी लावताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. त्यांच्याही करंगळीचं टोक खाली वाकलेलं होतं. पाच वर्षं त्या हाताने थापलेली भाकरी मी खात होते आणि ते बोट मला म्हातारपणाचं वाटलं होतं.

"आई, हे कशाने?"

"गोधडी पिळताना. ह्यो पोटात होतो तेवा."

"मग?"

"मगे काय? कोणी धरूक नाय."

निवत आलेला माझा राग पुन्हा भडकला. "तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी मला म्हणालात दुखणं कसलं?"

"माका तरी कोणी काय इचारलेला?"

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पण त्यानंतरचे बेचाळीस दिवस पेर त्यांनीच धरलं. एकदा स्टोव्हवर दूध उतू चाललं होतं. त्यांनी वळून पाहिलं, शिवी हासडली, आणि पट्टी लागेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. सगळं दूध गेलं.

पट्टी सुटली तेव्हा परीक्षेला पंधरवडा उरला होता. पेर ताठ उभं राहिलं, आणि पुढे मी पास होऊन कायमही झाले. पट्टी सुटली त्या दिवशी हॉस्पिटलात मी सासूबाईंनाही ओढून नेलं होतं. माझं झाल्यावर पदराखालचा त्यांचा हात मी बाहेर काढला आणि डॉक्टरपुढे ठेवला.

त्याने टोक वर केलं, सोडलं. "किती वर्षं झाली?"

त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "तो तीसचो झालो."

डॉक्टरने मान हलवली. "तेव्हाच आला असता, मावशी, तर पट्टीनेच झालं असतं. आता नाही."

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. "मी खय तक्रार केलंय?" म्हणाल्या.

इतका राग मला त्या टाळीचाही आला नव्हता.