बॅनरवर पांढरी झालेली साडी

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. पारोळ्याजवळच्या गावातलं घर काकांकडे राहिलं आणि आई मला घेऊन जळगावला आली. तिला डाळमिलमध्ये डाळ निवडायचं काम मिळालं. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवरही पिवळी धूळ असायची. गावाकडून कुणी विचारपूस केली नाही. विधवेनं काय नेसावं हे सांगायला मात्र तीच माणसं प्रत्येक लग्नात हजर. कुणी बोलू नये म्हणून आई मातकट साड्यांतच राहिली.

पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. पदवी घ्यायच्या दिवसासाठी आईनं दुकानात उभं राहून एकसारख्या दोन गर्द हिरव्या साड्या काढायला लावल्या, एक मला, एक स्वतःला. कॉलेजच्या आवारात आम्ही दोघींनी फोटो काढला. मी तो स्टेटसला ठेवला.

तेवढ्यावर काकांना पुतणी आठवली. हे वडिलांचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांनी माझ्या अभिनंदनाचा बॅनर चौकात लावला, संध्याकाळी सत्कार ठेवला आणि आम्हाला बोलावणं धाडलं.

एसटीतून उतरलो तर समोरच बॅनर. अर्ध्यात आबा, गॉगल लावून, खाली 'शुभेच्छुक'. उरलेल्या कोपऱ्यात स्टेटसवरच्या त्याच फोटोतल्या आम्ही दोघी. दोघीही पांढऱ्या साडीत.

झालं होतं ते असं. विधवा बाई हिरव्या साडीत चौकात बरी दिसत नाही, साडी पांढरी करून टाक, असं आबांनी पारोळ्याच्या फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितलं. कोणाची साडी, ते सांगायचं त्यांना सुचलं नाही. त्यानं संगणकावर हिरवा रंग पकडला आणि पुसून टाकला. विधवा कोण आणि कुमारिका कोण हे संगणकाला कसं कळावं? ती अक्कल फक्त आमच्या समाजाला. दोन्ही साड्या धुऊन निघाल्या, मागची कडुनिंबाची झाडंसुद्धा राखेसारखी झाली. आणि बॅनर बांधताना आबांनी बघितला तो स्वतःचा गॉगल.

ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या अक्कांनी बॅनरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माय, तुनं लगीन कव्हय व्हयनं, आनि नवरा कव्हय गया?"

लग्न कधी झालं आणि नवरा कधी गेला, असं अक्कांनी विचारताच चौक हसला. आबांना घाम फुटला. कारण त्यांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं, अर्थात मला न विचारता, आणि ते पाहुणे सत्काराला येणार होते. बिनलग्नाची पोर पांढऱ्या साडीत म्हणजे अपशकुन. त्यांनी लगेच फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि हुकूम सोडला, पोरीची हिरवी कर, आईची राहू दे.

मी सांगितलं, दोघींचीही हिरवी होईल, नाहीतर आम्ही आल्या एसटीनं परत जातो. सत्काराच्या हाराचं काय करायचं ते आबांनी बघावं, गळा त्यांचाही मोकळाच आहे. स्थळाचं तर मला विचारूच नका.

आबा रीत सांगू लागले, समाज सांगू लागले. हा समाज मला डाळमिलच्या दारात कधी दिसला नव्हता. मी तेच बोलणार होते, पण आई पुढे झाली. थोरल्या दिरासमोर तिनं आजवर मान वर केली नव्हती.

"आबा, साडी मी नेसेल शे. तुम्हना डोया काबरं दुखतस?"

आपले डोळे का दुखतात, हे तिनं विचारल्यावर आबांनी आजूबाजूला बघितलं. चौकाला पुन्हा हसू फुटलं होतं. अक्का तर तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाहुणे निघाल्याचा निरोप आला होता. मग आबा फोनमध्ये पुटपुटले, फोटो जसा आला होता तसाच छाप.

ऊन उतरायच्या आत नवा बॅनर आला आणि चौकात लागला. माझ्यासोबत आईचीही साडी हिरवी छापली गेली होती. सत्कार झाला, पाहुणे आले, चहा घेऊन गेले. स्थळाला मी नकार दिला. आई आता हव्या त्या रंगाची साडी नेसते, जळगावात आणि गावातही.