पाण्याखालची पानं

प्रमोदिनी खानोरकर यांना फुलांचा शौक नव्हता. त्यांना फुलांची किळस होती, आणि ती त्यांनी नोकरीत कमावली होती.

हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात त्या आवक-जावक सांभाळायच्या. एकविसाव्या वर्षी लागल्या, बासष्टाव्या वर्षी सुटल्या. या एक्केचाळीस वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला बुके देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तसा आदेश कुठल्या फाइलीत नव्हता. त्या लागल्या तेव्हा कार्यालयात बाई एकच होती, आणि बुके बाईच्या हातून बरा दिसतो असं तेव्हाच्या साहेबांना वाटलं. सरकारात पहिल्या साहेबांना जे वाटतं ते पुढच्या सगळ्यांना लागू राहतं. नंतर आणखी बायका आल्या, पण तोवर प्रमोदिनीबाईंचा हात त्या कामाला बसला होता.

त्या हाताला काय लागायचं, हे कोणी विचारलं नाही. बुके उचलला की बुडाच्या चंदेरी कागदातून पाणी मनगटावर यायचं, तिथून कोपरापर्यंत. त्या पाण्याला डबक्याचा वास. वरून अत्तराचा फवारा मारलेला, म्हणजे डबकंच नटूनथटून लग्नाला निघाल्यासारखं. पाकळ्यांवर चमकी मारलेली असायची. ती संध्याकाळी कणीक मळताना परातीत सापडायची. बाई घरी आल्यावर दोनदा साबण लावायच्या, आणि तरी जेवताना घास नाकाजवळ आला की क्षणभर थांबायच्या.

बुकेचं सार्वजनिक आयुष्य एका फोटोएवढं असतं. साहेब तो घेतात, कॅमेऱ्याकडे पाहतात आणि मागे न वळता हात मागे करतात. मागे घनश्याम उभा असायचा. घनश्याम म्हणजे कार्यालयाचा शिपाई, परसवाड्याकडच्या एका खेड्यातला, बाईंपेक्षा वर्षभराने लहान. तो बुके झेलायचा, टेबलाखाली सरकवायचा, आणि कार्यक्रम आटोपला की सगळे बुके सायकलीवर लादून बाबूलालच्या फुलांच्या दुकानात परत नेऊन द्यायचा. बाबूलाल त्याच्या बदल्यात घरच्या देवांसाठी झेंडूचा हार द्यायचा, आणि बुकेवर पाणी मारून, कागद बदलून तो पुढच्या सत्काराला पाठवायचा. यात कोणालाच काही गैर वाटत नव्हतं. जी वस्तू कुणालाही नको असते, ती फिरती राहिलेलीच बरी.

बाईंना गैर वाटलं ते त्यांच्या स्वतःच्या निरोप समारंभानंतर. मोतिया रंगाची नवी साडी नेसून, मिळालेला बुके मांडीवर ठेवून त्या ई-रिक्षातून घरी आल्या. उतरल्या तेव्हा साडीवर ताटलीएवढा हिरवट डाग होता. त्यांनी बुके मोरीत नेऊन सोडला. आत देठांचा लगदा झाला होता. बोट लावलं तर तो शेंबडासारखा ताणला गेला. लगद्याला चिकटून एक कार्ड निघालं. त्यावर लिहिलं होतं, 'नन्ही परी के आगमन पर हार्दिक बधाई.'

मुलगी अपूर्वा हसून हसून पलंगावर लोळली. बाई हसल्या नाहीत.

"एक्केचाळीस वर्षं," त्या मोरीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "हे मी लोकाईच्या हातात देऊन राह्यली होती."

तिसऱ्या दिवशी त्या बाबूलालच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"बुके बांधना सिखाओ."

"अरे मैडमजी! रिटायर होते ही शौक लग गया?"

"शौक नहीं. मुझे देखना है, इतना गंदा बनता कैसे है."

बाबूलालने ही स्तुती समजून स्टूल पुढे केलं.

पुढचे दोन-तीन महिने बाई रोज सकाळी तिथे बसल्या आणि त्यांना जे दिसलं त्याने किळस कमी होण्याऐवजी तिला कारणं मिळाली. दुकान जितकं जुनं तितकीच फुलांची बादली जुनी, आणि पाणीही जवळजवळ त्याच वयाचं. वरून नवं ओतायचं, खालचं काढायचं नाही. गुलाब शिळा झाला की बाबूलाल त्याच्या बाहेरच्या काळवंडलेल्या पाकळ्या सोलायचा, आणि आतून निघालेल्या केविलवाण्या गुलाबाला 'ताजा' म्हणायचा. जरबेऱ्याने मान टाकली की त्याला प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये घालून उभा करायचा. हिरव्या स्पंजात परवाच्या फुलांची भोकं तयारच असत. दोऱ्याचं टोक दातात धरायचं, आणि बाबूलालच्या दातांत दोऱ्याआधी तंबाखू आलेला असायचा.

एकदा बाईंनी देठांच्या खालच्या भागाकडे बोट केलं. "ये नीचे के पत्ते क्यों नहीं निकालते? पानी में तो यही सड़ते हैं."

"निकाल दूँ तो गुच्छा भरा-भरा कैसे दिखेगा?"

एक्केचाळीस वर्षांच्या वासाचा उगम असा एका वाक्यात सापडला. पाण्याखाली राहिलेली पानं. ती चार बोटांनी ओरबाडून टाकायची होती, आणि कुणीही टाकली नव्हती.

बाकीची विद्या अपूर्वाच्या मोबाइलवरून आली. त्यात एक गोरी बाई डाव्या मुठीत एकेक देठ तिरपा घालत, दर वेळी मूठ थोडी फिरवत, बघता बघता असा गुच्छ करायची की देठ खालून छत्रीच्या काड्यांसारखे पसरत. देठ जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे दोरा बांधायचा, आणि त्याखाली एकही पान ठेवायचं नाही. बाईंना भाषा कळत नव्हती, पण ती बाई हात धुते हे त्यांना दिसलं, आणि तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला. फुलं रोज कुठून आणणार? म्हणून मेथीच्या जुडीवर सराव चालला. आणलेली जुडी सोडायची, काड्या तिरप्या धरून पुन्हा बांधायची, पुन्हा सोडायची. भाजीला दीड वाजायचा.

"आई, लोक शौक मजेसाठी करतात," अपूर्वा म्हणाली. "तू तर दुश्मनी निभावून राह्यली."

"तुले नाही समजत. साफ बांधता येते का नाही, एवढंच पाहायचं आहे मले."

"आणि आला बांधता, तर?"

बाईंनी मेथीची मूठ फिरवली. "घनश्यामभाऊ नोव्हेंबरात रिटायर होऊन राह्यले."

हे ऐकल्यावर अपूर्वाने मेथीच्या चार काड्या सरळ करून पुढे केल्या. कार्यालयाची रीत तिलाही माहीत होती. सगळ्यांत ताजा बुके साहेबांना, त्याखालचे दोन अधिकाऱ्यांना, आणि मान मोडलेला ज्याचा निरोप आहे त्याला, कारण तो आता कोणाचं काही करू शकत नाही. घनश्यामने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचे नासके बुके वाहिले होते. निदान एक बुके, ज्याचं पाणी कोपरापर्यंत उतरत नाही असा, त्याच्या हातात पडावा, एवढं बाईंनी ठरवलं होतं. उदात्त वगैरे काही नव्हतं त्यात. आपल्या हातून एकदा तरी स्वच्छ वस्तू दिली जावी, अशी ती गरज होती.

घरातल्या फुलदाण्या महिनोन्महिने वास मारत राहिल्या. रोज सकाळी बाई एकेक उचलून, दूध नासलंय का पाहतात तशा चेहऱ्याने हुंगायच्या आणि मोरीत ओतायच्या. दिवाळीनंतर एका फुलदाणीचं पाणी पाचव्या दिवशीही नितळ राहिलं. बाईंचा स्वतःच्या नाकावर विश्वास बसेना. त्यांनी शेजारच्या ज्योत्स्नाबाईंना बोलावून हुंगायला लावलं.

"काहीच वास नाही वो," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "काहून, काय पाहिजे होता?"

निरोपाच्या दिवशी बाईंनी बुके बांधला. परसवाड्याच्या बाजारातली पांढरी आणि पिवळी शेवंती, अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या, आणि धानाच्या सात-आठ लोंब्या. चमकी नाही, चंदेरी कागद नाही. पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधला आणि स्टेजमागच्या टेबलावर स्वच्छ पाण्याच्या तांब्यात उभा केला. दोऱ्याला चिठ्ठी अडकवली: 'घनश्यामभाऊंसाठी'. शेजारी बाबूलालकडचे चार बुके येऊन पडले होते. त्यातला मान मोडलेल्या ग्लॅडिओलसचा बाईंच्या ओळखीचा होता. मंगळवारी तो एका टायरच्या दुकानाचं उद्घाटन करून आला होता.

सभागृहात घनश्याम पांढरी चादर टाकलेल्या सोफ्यावर बसला होता. डोक्याला केशरी फेटा, कपाळाला टिळा. त्या सोफ्याची चादर त्याने हजार वेळा ताणली असेल. तीवर बसायची पहिलीच वेळ, म्हणून तो टोकावर बसला होता. सूत्रसंचालन रवी नावाच्या तरुण बाबूकडे होतं. त्याने माइकवर फुंकर मारली आणि तो म्हणाला, "अब हम पुष्पगुच्छ भेंट करके—"

'पुष्पगुच्छ' ऐकताच घनश्याम उठला. फेट्यासकट.

"अरे घनश्याम, बैठ ना! आज तो तेरा ही प्रोग्राम है," कोणीतरी ओरडलं.

"हौ, हौ, आलोच," म्हणत तो स्टेजमागे गेला आणि ताटात पाच बुके मांडून बाहेर आला, जसा गेली कित्येक वर्षं येत होता. सभागृहात हशा पिकला. घनश्यामही हसला, पण ताट खाली ठेवलं नाही.

प्रमोदिनीबाईंना साहेबांच्या स्वागतासाठी बोलावलं गेलं. दुसरं कोणाला बोलावणार? त्या ताटापाशी गेल्या आणि थबकल्या. शेवंतीचा बुके सगळ्यांत पुढे होता, चिठ्ठीशिवाय. चिठ्ठी ग्लॅडिओलसच्या मोडक्या मानेला अडकवलेली होती.

"घनश्यामभाऊ, हे काय केलं?"

"चिठ्ठी चुकून चांगल्याले लागली होती, बाई," तो हळूच म्हणाला. काम वेळेत सुधारल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. "मी बदलवली. चांगला साहेबाले."

"चुकून नव्हती. तो तुमचा आहे."

"काहून मजाक करता? चला, साहेब उभे झाले."

साहेब खरोखरच उभे राहिले होते, हात पुढे करून. बाईंना दोन पावलं डावीकडे वळायचं होतं, बस्स. घनश्याम तिथेच होता. त्याचे दोन्ही हात ताटात अडकलेले, आणि तो भुवयांनी खुणावत होता, तिकडे, बाई, तिकडे. बाईंनी बुके उचलला आणि त्यांचे हात साहेबांकडे गेले. हातांनी बाईंना विचारलं नाही. फोटो निघाला.

मग ग्लॅडिओलस घनश्यामला मिळाला. रवीने त्याच्या हातात दिला तेव्हा चंदेरी कागदातून पाणी निघून घनश्यामच्या नव्या सदऱ्याच्या बाहीत शिरलं. त्याने सवयीने हात झटकला.

नाश्ता आला. साहेबांनी शेवंतीचा बुके समोरच्या टेबलावर आडवा टाकला होता. अर्धा समोसा खाऊन त्यांनी प्लेट ठेवायला जागा शोधली, आणि ती त्यांना बुकेवरच सापडली. प्लेट कलली. हिरवी चटणी शेवंतीत उतरली, तिथून धानाच्या लोंब्यांवर. साहेब पुढच्या बैठकीबद्दल बोलत होते.

बाई चहा न घेता उठल्या. घरी जाऊन त्यांनी दोनदा साबण लावला. हाताला या वेळी काहीच लागलेलं नव्हतं, तरी तिसऱ्यांदा लावला. अपूर्वाने विचारलं, "दिला?"

"दिला," बाई म्हणाल्या. "साहेबाले." आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाबूलालकडे गेल्या. परत आलेले बुके बादलीत खुपसलेले होते. त्यांनी पदर नाकाला लावून ते एकेक करून उचलले. ग्लॅडिओलस होता. गुलाबांचे दोन होते, कार्नेशनचा एक होता.

"और एक?"

"चार ही दिए घनश्याम ने," बाबूलाल म्हणाला. "पाँचवा साइकिल पे था, पर दिया नहीं. मैं बोला, ला यार, धो लूँगा. तो बोला, ये नहीं मिलेगा, इस पे मेरा नाम है."

"नाम?"

"मैं भी यही बोला, कहाँ है नाम? तो जेब से चिट्ठी निकाल के दिखाया. फिर यहीं बैठ के आधा घंटा रूमाल से चटनी पोंछता रहा. एक-एक फूल." बाबूलालने दोऱ्याचं टोक दातात धरलं. "आपका ही था न, मैडमजी?"

बाईंनी नाकावरचा पदर काढला. त्या बादलीकडे पाहत होत्या.

"ले कैसे गया? हाथ में?"

"नहीं, हैंडल पे टाँग के. उल्टा."

"उल्टा?"

"हाँ. फूल नीचे, डंडी ऊपर."

"शी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "काही समजतच नाही या माणसाले." मग त्यांनी पदर कमरेला खोचला, बादली दोन्ही हातांनी उचलली, आणि बाबूलाल अरे-अरे करत असताना वर्षानुवर्षांचं पाणी नालीत ओतून दिलं.